रायफलच्या स्वस्त स्टॉकपायी 254 डॉलर गेले

विस्कॉन्सिनमध्ये हरणांच्या शिकारीचा रायफलचा हंगाम नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि नऊ दिवसांत संपतो. तीन आठवडे उरले असताना माझ्या जुन्या रेमिंग्टन 700 रायफलचा लाकडी स्टॉक, म्हणजे नळी बसवायचा आणि खांद्याला टेकवायचा सांगाडा, मुठीपाशी तडकला. आत रायफल घट्ट बसवणारा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा (बेडिंग ब्लॉक) असलेला नवा फायबरग्लास स्टॉक परवडत नव्हता. तसाच वापरलेला एका जाहिरातीत 185 डॉलरला दिसला. हाव नव्हती हो, घरात दोन डेकेअरची बिलं आहेत.

माझी रायफल .30-06 काडतुसाची, म्हणजे लाँग अ‍ॅक्शन (लांब काडतुसांसाठीची लांब यंत्रणा), आणि मॉडेल बीडीएल. बीडीएलला खालून मॅगझीनचं झाकण उघडतं, म्हणून स्टॉकच्या तळाला आरपार खाच हवीच. एडीएल या दुसऱ्या मॉडेलचा तळ बंद असतो. फोटोतला तळ बंद होता! मला ते दिसलं, मी विकणाऱ्याला विचारलंही. उत्तर आलं, "फोटो जुन्या स्टॉकचा आहे, तुमचा बीडीएलच पाठवतोय." तिथेच बोलणं थांबवायला हवं होतं. जो माणूस विकायच्या वस्तूचा फोटो काढू शकत नाही, त्याच्याकडे ती वस्तू नसते. हे मला कळत होतं, तरी मी पैसे पाठवले. अजून रात्री तो बंद तळ डोळ्यांसमोर येतो.

185 अधिक पोस्टेज 24. दोन दिवसांनी त्याचा निरोप, "इन्शुरन्सचे 45, पार्सल मिळालं की परत". तेही दिले. सगळे बँकेतून थेट ट्रान्सफरने. असे पैसे कधीही पाठवू नका, क्रेडिट कार्ड घेत नसेल तर सोडून द्या.

ट्रॅकिंग नंबर खरा निघाला. पार्सल माझ्याच गावात 'डिलिव्हर्ड' झालं, पण दुसऱ्याच कुणाच्या तरी दारात. पोस्टात गेलो तर पत्ता सांगता येत नाही म्हणाले, मात्र वजन कागदावर लिहून दिलं: दोन औंस, म्हणजे जेमतेम 57 ग्रॅम. दोन औंसांत स्टॉक येतो का? तो कागद घेऊन बँकेत गेलो. त्या बाई म्हणाल्या, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, ही फसवणूक धरता येत नाही. मग काय धरायची? पोलिसांनी माझं बोलणं पुरतं ऐकलंही नाही, "हा दिवाणी मामला" म्हणून वाटेला लावलं. सरकारी पोर्टलवर तासभर फॉर्म भरला, त्याचा एक नंबर आला आणि पुढे काहीच नाही. चौघांनाही रक्कम लहान वाटली. माझ्यासाठी ती आठवडाभराच्या किराण्याहून जास्त आहे.

दुसऱ्या राज्यातून बंदूक मागवली असती तर ती परवानाधारक दुकानदाराकडेच आली असती. स्टॉक हा नुसता सुटा भाग, थेट घरी येतो, मध्ये तपासणारं कोणी नसतं. म्हणून हे चोर स्टॉकच विकतात. आजची तारीख लिहिलेला कागद स्टॉकवर ठेवून फोटो मागा, तळाचाही.

काल तोच फोटो पुन्हा दिसला, आता 175 ला. काळा स्टॉक, त्यावर करड्या जाळीची नक्षी, गाल टेकतो तिथे नाण्याएवढा ओरखडा. दिसला तर एक डॉलरही पाठवू नका.