गणपतीत घेतलेला सेकंडहँड गेमिंग पीसी: पैसे वसूल झाले का?

आधी कॉन्फिग, म्हणजे आत काय काय बसवलंय ते, सांगतो म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. रायझन 5 5600 प्रोसेसर, बी450 मदरबोर्ड, 16 जीबी डीडीआर4 रॅम (8 च्या दोन स्टिक), आरटीएक्स 3060 12 जीबी ग्राफिक्स कार्ड, 500 जीबी एनव्हीएमई एसएसडी, काचेचं कॅबिनेट आणि त्यात लग्नाच्या मांडवासारखे लुकलुकणारे पंखे. मॉनिटर नाही. 2025 च्या गणपतीत नाशिकहून आणला. मालक 52,000 म्हणत होता, शेवटी 36,000 ला दिला आणि वर एक मेकॅनिकल कीबोर्ड. तेव्हापासून रोज वापरात आहे, पावसाळा, थंडी दोन्ही झालं, आणि आता जळगावच्या उन्हात पण चालतोय, त्यामुळे आता बोलायला हरकत नाही.

सेकंडहँड पीसीच्या जाहिरातीत सगळ्यात फसवं वाक्य म्हणजे "मला पंच्याहत्तर हजाराला पडलाय". अरे पडला असेल, पण तो 2022 च्या डिसेंबरात पडला, आणि त्या पंच्याहत्तरात दुकानदाराची मजुरी, दिव्यांचे पंखे, 18 टक्के जीएसटी सगळं आलं. घेणाऱ्याला त्याचं काही देणंघेणं नाही. मी जायच्या आधी वहीत एकेका पार्टचा सेकंडहँड भाव लिहिला होता: कार्ड 16,500, प्रोसेसर 6,500, बोर्ड 4,500, रॅम 2,800, एसएसडी 2,200, कॅबिनेट आणि पंखे मिळून 1,500. बेरीज 34,000. एसएमपीएससमोर (सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा) शून्य लिहिलं होतं, कारण जाहिरातीत बाकी सगळ्याचं नाव होतं आणि एसएमपीएसचं नुसतं "550 वॅट" एवढंच. ज्याचं नाव सांगायला लाज वाटते ते चांगलं नसतंच.

आणि झालंही तसंच. काच काढून मोबाईलच्या टॉर्चने लेबल वाचलं. वर मोठ्ठ्या अक्षरात 550, आणि खालच्या बारीक तक्त्यात 12 व्होल्टसमोर 18 अँपिअर. आता 12 गुणिले 18 म्हणजे 216 वॅट. कार्ड एकटं 170 वॅट खातं, प्रोसेसर 65 चा म्हणतात पण जोर लागला की त्याच्याही वर जातो, आणि हे दोघं ह्या 12 व्होल्टवरच जगतात. म्हणजे मालकाने इतके दिवस हा पीसी देवाच्या भरवशावर चालवला. मी त्याला ते लेबल दाखवलं आणि म्हणलं, "भाऊ, हे मला घरी गेल्या गेल्या फेकायचंय, चार हजाराचा खर्च आहे." त्याला ते आधी माहितीच नव्हतं असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं. तिथूनच भाव खरा खाली यायला लागला.

दुसरी गोष्ट, "फक्त शनिवार-रविवार वापरलाय". गाडीला किलोमीटर बघता येतात, ग्राफिक्स कार्डला तसलं काही नसतं, पण एसएसडीला असतं. पेनड्राइव्हवर क्रिस्टलडिस्कइन्फो हे एसएसडी तपासायचं सॉफ्टवेअर घेऊन गेलो होतो, चालू केलं, पॉवर ऑन अवर्स, म्हणजे चालू राहिलेले तास, 7,400 च्या आसपास. पावणेतीन वर्षांत एवढे म्हणजे सुट्टी न धरता रोज सात-साडेसात तास. मी म्हणलं हा वीकेंडचा वापर नाही, ही नोकरी झाली. तो हसला, म्हणाला वर्क फ्रॉम होम होतं ना, दिवसभर एक्सेल आणि मीटिंग. हे मला पटलं, कारण एसएसडीची हेल्थ 95 टक्के होती आणि एक्सेलने कार्ड झिजत नाही. तास जास्त आहेत म्हणून लगेच पळू नका, पण सांगितलेलं आणि दिसलेलं जुळतं का ते बघा, नाही जुळलं तर बाकीच्या गोष्टी पण दोनदा तपासा.

कार्डाच्या बाबतीत सगळ्यांची भीती एकच, मायनिंगचं, म्हणजे क्रिप्टो नाणी काढायला दिवसरात्र राबवलेलं, तर नाही ना. इथे बिल कामाला येतं. इथेरियम ह्या क्रिप्टो नाण्याचं ग्राफिक्स कार्डवरचं मायनिंग 15 सप्टेंबर 2022 ला बंद पडलं, ह्या कार्डाचं बिल त्यानंतरच्या डिसेंबरचं, म्हणजे ती शंका बरीचशी मिटली. बिलावरचा सीरियल नंबर आणि कार्डावरच्या स्टिकरवरचा नंबर जुळवून घेतला, तीन वर्षांची वॉरंटी होती त्यातले थोडे महिने शिल्लक होते, तेही बरं. मग जीपीयू-झेडमध्ये (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) मेमरी 12 जीबी आणि बस, म्हणजे मेमरीकडे जायचा रस्ता, 192 बिट आहे ना ते बघितलं, कारण ह्याच नावाने 8 जीबी आणि 128 बिटवालं पण कार्ड येतं, ते बरंच कमजोर आहे आणि जाहिरातीत लोक नुसतं "3060" लिहून मोकळे होतात.

त्यानंतर कार्डावर पूर्ण जोर टाकणारी फरमार्क टेस्ट लावली आणि मालकाच्या आईने दिलेला चहा सावकाश प्यायला. पाच मिनिटं पुरत नाहीत, पंधरा-वीस मिनिटं चालू द्यायचं. तापमान 74 ला स्थिरावलं पण हॉटस्पॉट, म्हणजे चिपवरची सगळ्यात गरम जागा, 95 दाखवत होतं. एवढा फरक म्हणजे थर्मल पेस्ट (चिपची उष्णता वरच्या धातूला पोचवणारी) सुकलीय. पेस्ट स्वस्तात बदलता येते, पण ते सांगून आणखी थोडे कमी करता आले. बॅकप्लेटवर तेलकट चिकटा नव्हता, मागच्या पत्र्यावर गंज नव्हता, पंखा हाताने फिरवला तर खरखर नव्हती. स्क्रीनवर ठिपके, रेघा काही नाही. झालं, व्यवहार केला.

आणताना कार्ड काढून वेगळं गुंडाळा, आणि कॅबिनेट गाडीत आडवं ठेवा, काच वरच्या बाजूला. मामेभावाची गाडी होती म्हणून जमलं. चांदवड, मालेगाव, धुळे करत जळगाव, आपले रस्ते माहितीच आहेत, जड कार्ड स्लॉटला लटकत ठेवून आणलं असतं तर स्लॉटच गेला असता.

घरी आल्यावर पहिलं काम एसएमपीएस, ब्राँझ रेटिंगचा (वीज कमी वाया घालवणारा) 550 वॅटचा नवीन, 4,200. तो बसेपर्यंत गेम लावलाच नाही. मग विंडोज फॉरमॅट मारून नवीन टाकली, कारण जुन्यात काय काय क्रॅक भरलेलं असतं देव जाणे, आणि "विंडोज ॲक्टिव्हेटेड आहे" म्हणून कोणी हजार रुपये जास्त मागत असेल तर सरळ हसा. टास्क मॅनेजर उघडला तर रॅमचा स्पीड 2133! 3200 ची रॅम, आणि पठ्ठ्याने इतक्या वर्षांत बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण स्पीडवर चालवणारं सेटिंग) कधी चालूच केलं नव्हतं. एक सेटिंग बदललं की झालं, फुकटात. व्हॅलोरंट खेळणाऱ्यांनी तिथेच टीपीएम आणि सिक्युअर बूट ही सुरक्षेची दोन सेटिंगं पण चालू करून घ्या, विंडोज 11 वर त्याशिवाय ते उघडत नाही. बायोस अपडेट मात्र लाईटीचा भरवसा असेल तेव्हाच करा. मी यूपीएसवर टाकून, रात्री सगळे झोपल्यावर केलं, कारण दुपारी आमच्याकडे कधी लाईट जाईल सांगता येत नाही.

कॅबिनेटचा झटका ही खरी डोकेदुखी निघाली. अनवाणी पायाने पत्र्याला हात लावला की मुंग्या आल्यासारखं व्हायचं. आधी वाटलं नवीन एसएमपीएस खराब आला. वायरमन काकांना बोलावलं, त्यांनी भिंतीवरचा स्विचबोर्ड उघडला तर तिसऱ्या भोकाला वायरच जोडलेली नाही, घर बांधल्यापासून. एसएमपीएसच्या आत फिल्टर असतो, त्यातून थोडा करंट अर्थिंगला जायचा असतो, अर्थिंगच नसेल तर तो पत्र्यावर येऊन बसतो. काकांनी अर्थिंग ओढून दिलं, झटका गेला. जुन्या घरात राहत असाल तर पीसी घ्यायच्या आधी हे तपासून घ्या, नवा असो की जुना.

आता गेमिंग. माझा मॉनिटर 1080पी आहे, त्यावर हे कार्ड अजून मस्त चालतं. फोर्झा होरायझन 5 हाय सेटिंगवर सेकंदाला 90 फ्रेमच्या पुढेमागे, सायबरपंक 2077 रे ट्रेसिंग (खऱ्यासारखा उजेड-सावली दाखवणारं तंत्र) बंद ठेवून 60 च्या वर, एल्डन रिंग 60 ला बांधलेलाच आहे त्यामुळे तिथे कार्ड निवांत. डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र एआयने मोठं करून फ्रेम वाढवणारं) क्वालिटीवर टाकलं की आणखी हात सैल होतो. अनरियल 5 इंजिनवर बनलेले नवीन गेम जड जातात, तिथे मीडियमवर या आणि भांडत बसू नका. 12 जीबी मेमरीचा फायदा मला गेमपेक्षा ब्लेंडर ह्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये जास्त जाणवला, धाकटा भाऊ आर्किटेक्चरला आहे, त्याचे सीन लॅपटॉपवर मेमरी संपली म्हणून बंद पडायचे ते इथे पूर्ण रेंडर होतात. खरं सांगायचं तर पीसी आता माझ्यापेक्षा त्याच्याच ताब्यात जास्त असतो, सबमिशनच्या आठवड्यात मला हात पण लावू देत नाही.

लाईट गेली की वेगळीच कथा. माझा यूपीएस जुना 600 व्हीएचा, म्हणजे 360 वॅट. गेम चालू असताना मॉनिटर धरून 300 च्या वर जातं, मग लाईट गेली की यूपीएस किंचाळतो आणि कधी कधी सरळ आडवा होतो. नवीन मोठा यूपीएस घ्यायचा तर पाच-सहा हजार. त्यापेक्षा आफ्टरबर्नर ह्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट 75 टक्क्यांवर आणली, 170 चे साधारण 128 वॅट झाले, फ्रेम थोड्या कमी झाल्या पण खेळताना मला फरक कळत नाही. आता यूपीएस गेम सेव्ह करून बंद करण्याइतका वेळ देतो. तेवढाच पाहिजे.

हाच उपाय उन्हाळ्यात पण कामी येतोय. डिसेंबरात वॉरंटी संपली तशी कार्ड उघडून पेस्ट बदलली (आधी नाही केलं, स्क्रूवर स्टिकर होता), हॉटस्पॉटचा फरक 21 वरून 12-13 वर आला. थंडीत 66-68 असायचं, आता दुपारी खोलीच तापलेली असते तेव्हा पॉवर लिमिट लावूनही 74-75 जातं. काळजीचं नाही. पण डेझर्ट कूलरचा झोत पीसीवर सोडू नका. आमच्याकडे घरोघरी कूलर, आणि गार हवा म्हणून लोक पीसी त्याच्याच समोर ठेवतात. ती हवा ओली असते, पाण्यातला क्षार आणि धूळ मिळून फिनमध्ये जो थर बसतो तो ब्लोअरने पण निघत नाही. माझा पीसी कूलरच्या विरुद्ध भिंतीला आहे, खिडकी उघडी.

वीजबिलाचं कोणी बोलत नाही म्हणून सांगतो. दोघांचा मिळून रोज तीन तास धरला तरी महिन्याला पंचवीस-तीस युनिट जातात. आमचं बिल थंडीत 100 युनिटच्या आत असायचं, महावितरणचा स्वस्त स्लॅब तिथपर्यंतच, वरचे युनिट महाग पडतात. पप्पांनी पहिल्याच महिन्यात ओळखलं.

आता भावाचा हिशोब. 36,000, त्यावर एसएमपीएस 4,200, वायफाय डोंगल 700, पेस्ट 400, एकूण 41,300. त्याच महिन्यात अशाच कॉन्फिगचं नवीन कोटेशन घेतलं होतं, 58,000 च्या आसपास, तीन वर्षांच्या वॉरंटीसह. म्हणजे मला सत्तर टक्क्यांच्या जरा वर पडला. लोक म्हणतात सेकंडहँड म्हणजे अर्ध्या किमतीत, तसं होत नाही, आल्या आल्या जो खर्च करावा लागतो तो धरला की अर्धं राहत नाही. माझी रेषा साधारण इथेच आहे, यापेक्षा एक-दोन हजार जरी जास्त जात असते तरी मी वॉरंटी सोडली नसती आणि नवीन घेतला असता. 52,000 ला तर हा पीसी कोणीच घेऊ नये.

एक गोष्ट नशिबाने झाली. गेल्या वर्षाच्या शेवटी रॅमचे भाव भडकले, एआयच्या सर्व्हरसाठी सगळा माल तिकडे वळला, डीडीआर4 पण वाचली नाही. वहीत 2,800 लिहिलेली रॅम आज त्या भावात कोणी देणार नाही. त्यामुळे आता घेणाऱ्यांनी जुने भाव डोक्यात ठेवून जाऊ नका, आणि रॅम एकच स्टिक आहे की दोन हे फोनवरच विचारा. "नंतर अजून एक टाकून घे" हे आता स्वस्तातलं काम राहिलेलं नाही.

20-25 हजारातले पीसी बघत असाल तर थोडं सांभाळून. आरएक्स 580 दिसलं की 2048एसपी वालं नाही ना ते बघा, नाव तेच, माल कमी. जीटीएक्स 1060, 1070, 1080 आता घेऊ नका, 2025 च्या ऑक्टोबरनंतर एनव्हिडियाने त्यांना नवीन गेमचे ड्रायव्हर द्यायचं थांबवलंय, फक्त सिक्युरिटी अपडेट येतात. 1660 सुपर व्हॅलोरंट, सीएस2 ला उत्तम, पण डूम द डार्क एजेससारखे गेम रे ट्रेसिंगच्या हार्डवेअरशिवाय चालूच होत नाहीत. आणि पहिल्या पिढीच्या रायझनवाला पीसी कोणी गळ्यात मारत असेल तर विंडोज 11 त्याला अधिकृतपणे घेत नाही आणि विंडोज 10 चा सपोर्ट संपलाय, हे त्याच्या तोंडावर सांगून दोन-तीन हजार पाडता येतात, पण मी म्हणेन ते पण करू नका, सोडा.

माझ्याकडे सध्या एकच तक्रार, समोरच्या तीन पंख्यांपैकी मधला सकाळी चालू केला की पहिली दोन मिनिटं घरघरतो. बदलणार आहे, बिनदिव्यांचा टाकून. पुढचा खर्च 144 हर्ट्झचा मॉनिटर, आणि तो नवीनच घेणार.