जुनी डिझेल सात-सीटर: बीएस-४ घ्यावी की बीएस-६?

घरची सहा-सात माणसं, बियाण्याच्या बॅगा, फवारणीचा पंप आणि अधूनमधून माहूर नाही तर नागपूर, एवढं सगळं एकाच गाडीत बसवायचं असेल तर सात-सीटरला पर्याय उरत नाही. लांब डिक्कीची स्टेशन वॅगन आपल्याकडे रुजलीच नाही. टाटाची इंडिगो मरीना आली तशी गेली. मागची सीट पाडली की सात-सीटर तेच काम करते. जुनी घ्यायची आणि डिझेलच घ्यायची, इथपर्यंत बहुतेकांचं ठरलेलं असतं. मग मॉडेल, रंग, किती किलोमीटर चालली यावर घरात खल होतो. इंजिन बीएस-४ आहे की बीएस-६ (बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीच्या धुराला सरकारनं घातलेल्या मर्यादेचा टप्पा), हा प्रश्न मात्र दलालानं दाखवलेल्या दोन गाड्यांच्या किमतीत फरक निघाला की मगच पुढं येतो. माझ्या मते तो सगळ्यात आधी विचारावा. मी आर्णी तालुक्यातला कास्तकार. थोरल्या भावाची बीएस-६ आणि माझी बीएस-४ अशा दोन्ही गाड्या आमच्या एकाच अंगणात उभ्या असतात. मी घेतली तेव्हा भावाची गाडी घरात वापरून झाली होती, त्यामुळे निवड ऐकीव गोष्टींवर करावी लागली नाही.

आधी सालाचा हिशेब. देशभर बीएस-४ लागू झालं १ एप्रिल २०१७ पासून. त्याआधी ते ठरावीक शहरं आणि काही राज्यांपुरतं होतं, म्हणून २०१५-१६ ची गाडी बीएस-३ सुद्धा निघू शकते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. बीएस-५ मधल्या मध्ये गाळलं. तेव्हा ढोबळमानानं २०१७ ते मार्च २०२० ची गाडी बीएस-४ आणि पुढची बीएस-६. शंका असेल तर एमपरिवहन या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकून पाहा, तिथं दिसतं. मारुतीनं त्याच वेळी डिझेल बंद केलं, त्यामुळे ज्याला डिझेल अर्टिगाच हवी त्याच्यापुढं हा प्रश्नच नाही, ती बीएस-४ मिळणार. कॅरेन्स २०२२ ला आली, ती बीएस-६ च. खरा पेच पडतो तो इनोव्हा क्रिस्टा, बोलेरो, मराझो यांच्यात, कारण त्या दोन्ही काळांत विकल्या गेल्या.

बीएस-६ चं जे चांगलं आहे ते मोकळ्या मनानं सांगतो. मोटारींच्या डिझेल इंजिनातून किलोमीटरमागं निघणाऱ्या काजळीच्या कणांची मर्यादा बीएस-४ मध्ये २५ मिलिग्रॅम होती, बीएस-६ मध्ये ती ४.५ वर आली. नायट्रोजन ऑक्साइडची २५० वरून ८० मिलिग्रॅम. हे नुसते कागदावरचे आकडे नाहीत. भावाची गाडी अंगणात सुरू असताना मागं लहान लेकरं खेळत असली तरी जीव घाबरत नाही. माझी सकाळी सुरू करताना मी आधी त्यांना ओट्यावर बसवतो. आवाजही भावाच्या गाडीचा कमी वाटतो. चारपदरी रस्त्यावर नागपूरकडं निघालो की भावाची गाडी चालवायला मला जास्त आवडते, यात शंका नाही.

आता ज्या एका गोष्टीनं माझा निर्णय झाला ती. डीपीएफ, म्हणजे धुराच्या वाटेत बसवलेली काजळीची गाळणी. चुलीच्या धुराड्यात जशी काजळी धरते तशी ती भरत जाते, आणि भरत आली की इंजिन स्वतःच ती जाळून साफ करतं. त्यासाठी सिलिंडरमध्ये थोडं जास्तीचं डिझेल उशिरा सोडलं जातं, ते पुढं कॅटॅलिस्टमध्ये, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या डब्यात जळतं, धुराचं तापमान ६०० अंशांच्या आसपास चढतं आणि काजळी जळून जाते. रीजनरेशन म्हणतात त्याला. अट एवढीच, की इंजिन चांगलं तापलेलं हवं आणि गाडी १५-२० मिनिटं एका चालीनं पळत राहिली पाहिजे.

आपल्या गावात गाडी अशी पळते कुठं? घरून वावरात, वावरातून कृषी केंद्रावर, फाट्यावर पोरांना सोडायला, आईला दवाखान्यात दाखवायला. निम्मी वाट पांदण रस्त्याची, दुसऱ्या गिअरमध्ये. इंजिन तापतं न तापतं तोच गाडी बंद. साफसफाई सुरू होते आणि अर्ध्यात तुटते. पुढच्या वेळी पुन्हा सुरू, पुन्हा तुटते. असं होत राहिलं की मग डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो.

दिवा लागला की गाडी हायवेवर काढायची, यवतमाळच्या दिशेनं एका चालीनं पळवायची आणि दिवा गेला की मागं फिरायचं. काम काहीच नाही, फक्त दिवा विझवायला जायचं. एरवी हे चालूनही जातं. पण सोयाबीन काढणीला आलेलं, कापूस वेचाईच्या बायका वावरात पोहोचलेल्या, त्यांचं पाणी न्यायचं, आणि घरातला एक गाडी चालवणारा माणूस हायवेवर गेलेला. बाबा तर पहिल्या वेळी चक्रावलेच. "फुकट डिझेल जाळाले हायवेवर जा लागते, अशी कशी गाडी बाप्पा?" त्यांना मी वर लिहिलं तसं सगळं समजावून सांगितलं. त्यांना ते पटलंही. पण पटल्यानं वेचाईच्या दिवसातला तास काही परत मिळत नाही.

दिवा लागल्यावर लगेच गेलं तर भागतं. दुर्लक्ष केलं तर दुसरा दिवा लागतो, इंजिनाची ताकद कमी होते, गाडी चढावर मरगळते. एकदा आमच्याकडे तेवढी वेळ आली. गावातल्या मिस्त्रीचा हात चांगला आहे, पण इथं पान्याचं काम नव्हतं; स्कॅनर जोडून जबरदस्तीनं साफसफाई करावी लागते आणि तो स्कॅनर तालुक्याला नव्हता. जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन आख्खा दिवस गेला. त्याच मिस्त्रीनं नंतर डिपस्टिक काढून दाखवली: ऑइल वरच्या खुणेच्या पुढं गेलेलं आणि त्याला डिझेलचा वास. साफसफाई अर्ध्यात तुटत राहिली की न जळलेलं डिझेल झिरपून ऑइलमध्ये उतरतं. ऑइल कमी झालं तर आपण घाबरतो. वाढलेलं कोणी पाहत नाही, आणि पातळ झालेलं ऑइल टर्बोला आणि बेअरिंगला महाग पडतं. म्हणून बीएस-६ घेणाऱ्यानं दर पंधरवड्याला डिपस्टिक पाहावीच. ऑइलही कमी राखेचं, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या दर्जाचंच घालावं, कारण काजळी जळते पण ऑइलची राख गाळणीत कायमची राहते.

आणखी एक गोष्ट शोरूममध्ये कोणी सांगत नाही, पण वावर असणाऱ्यानं ध्यानात ठेवली पाहिजे. साफसफाई चालू असताना गाडीच्या पोटाखालची नळी भयंकर तापते. त्या वेळी गाडी धुऱ्यावरच्या वाळल्या गवतावर किंवा सोयाबीनच्या कुटारावर उभी केली तर आग लागू शकते. कुठलंही इंजिन तापतं हे खरं, पण इथं धोका जास्त. भावाची गाडी आम्ही खळ्याजवळ नेतच नाही.

काही बीएस-६ गाड्यांत गाळणीच्या जोडीला डीईएफची टाकी असते, म्हणजे धुरातलं नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारं युरियाचं पाणी. सगळ्यांत नसते, म्हणून विचारून घ्या. ते ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षारविरहित पाणी असं असतं. हे ऐकलं की आपल्याकडं हमखास कोणीतरी म्हणतं, "युरियाच ना? घरी बॅगा पडल्या आहेत." कृपा करून तसं करू नका. आपला ४५ किलोच्या बॅगेतला युरिया निंबोळी तेलाचा थर दिलेला असतो, त्यात इतरही अशुद्धी असतात. टाकी, पंप, पुढचं कॅटॅलिस्ट, सगळं बाद होईल. शिवाय डीईएफ उन्हात टिकत नाही. ३५ अंशांत त्याचं आयुष्य साधारण सहा महिन्यांवर येतं, आणि आपला मे महिना तर ४५ च्या पुढचा. कॅन भरून ठेवायचा तर थंड, सावलीच्या खोलीत. टाकी पूर्ण रिकामी झाली तर बंद केलेली गाडी पुन्हा सुरूच होत नाही. रात्री-बेरात्री दवाखान्यात निघावं लागणाऱ्या घरात हा विचार करावा लागतो.

बीएस-४ मध्ये कटकट नाही असं नाही. छोट्या अंतरांचा त्रास तिलाही होतो. ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप, काजळीनं जाम होतो, गाडी पिकअप सोडते, काळा धूर टाकते. फरक एवढाच, की तो व्हॉल्व्ह आपला मिस्त्री दुपारभरात खोलून, धुऊन, बसवून देतो. यवतमाळला जावं लागत नाही, कोणाचा दिवस मोडत नाही. इंजेक्टर दोन्हीकडं नाजूक आहेत, ट्रॅक्टरसाठी कॅनमध्ये साठवलेलं गाळयुक्त डिझेल कशातच टाकू नये. क्लच, टर्बो, सस्पेन्शन यांत मला बीएसच्या आकड्यापेक्षा आधीच्या मालकाचा हात जास्त महत्त्वाचा वाटला.

"बीएस-४ आता बंद होईल" ही भीती दलालही घालतात आणि पाव्हणेही. डिझेलला दहा वर्षांची मर्यादा घातली गेली ती दिल्ली आणि एनसीआरमध्ये, म्हणजे दिल्लीच्या आसपासच्या पट्ट्यात. आपल्याकडं खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. २०१८ ची गाडी २०३३ पर्यंत निर्धास्त, पुढं तपासणी करून नूतनीकरण. पंपावर आज जे डिझेल मिळतं ते बीएस-६ दर्जाचं, गंधक १० पीपीएमपर्यंतचं, आणि ते बीएस-४ इंजिनाला चालतं. दिल्लीच्या या नियमामुळेच तिकडच्या सुस्थितीतल्या गाड्या इकडं स्वस्तात येऊ लागल्या. घ्यायला हरकत नाही, पण एनओसी, महाराष्ट्राचा कर आणि आपला एमएच-२९ नंबर लागेपर्यंतचा खर्च किमतीत धरूनच सौदा करा. दलाल जी किंमत सांगतो त्यात हा खर्च नसतो.

मग बीएस-६ कोणी घ्यावी? ज्याचं रोजचं जाणं-येणं हायवेवरून आहे त्यानं खुशाल घ्यावी. यवतमाळला नोकरी, वर्ध्याला दर आठवड्याला फेरी, समृद्धीवरून सतत ये-जा, असं असेल तर गाळणी आपोआप साफ होत राहते आणि दिवा बहुधा दिसणारही नाही. आमच्या गावातले एक शिक्षक तालुक्याबाहेर रोज लांबवर जातात, त्यांची तक्रार मी ऐकली नाही. घरात दम्याचं माणूस असेल, गाडी दारातच उभी राहत असेल, तरीही मी बीएस-६ कडं झुकेन. नवी असल्यानं पुढं विकतानाही ती बरी पडत असावी. पण गाडीचा बहुतेक वेळ गाव, वावर आणि तालुका एवढ्यातच जाणार असेल, तर २०१८-१९ ची नीट सांभाळलेली बीएस-४ मला जास्त सोयीची वाटते. मी तीच घेतली.

पाहायला गेल्यावर काय पाहावं ते सांगतो. बीएस-६ असेल तर सायलेन्सरच्या तोंडात पांढरा रुमाल फिरवा. काळा झाला तर गाळणी फुटलेली आहे किंवा काढून टाकलेली आहे. "डीपीएफ काढून सॉफ्टवेअर मारून देतो, कटकट संपली" असं सांगणारे आता सगळीकडं आहेत. ते कायद्यात बसत नाही, आणि ज्या एका गुणासाठी बीएस-६ ला जास्त पैसे द्यायचे तोच गुण निघून जातो. रुमाल स्वच्छ राहिला तर स्कॅनर असलेल्या माणसाला सोबत नेऊन गाळणीत काजळी आणि राख किती भरली ते वाचून घ्या. डिपस्टिकचा वास घ्या. आधीचा मालक कुठं राहायचा, रोज किती लांब जायचा, हे मीटरवरच्या आकड्याहून जास्त खोदून विचारा. कमी चाललेली गावातली बीएस-६ ही जास्त चाललेल्या हायवेवरच्या गाडीपेक्षा वाईट असू शकते.

बीएस-४ असेल तर सकाळी इंजिन थंड असताना जा. मालकाला आधीच सांगा, सुरू करून ठेवू नको. सुरुवातीचा धूर किती वेळ टिकतो ते पाहा, इंजेक्टरची रिटर्न तपासणी (त्यातून किती डिझेल परत फिरतं ते) करून घ्या, क्लच घसरतो का ते बघा. किमतीत जे पैसे वाचतील त्यातून ईजीआर आणि इनटेक साफ करून घ्या, सगळी ऑइलं आणि फिल्टर बदला, मगच गाडी कामाला लावा. चाचणी घेताना दलाल हायवेवर नेतो, तिथं दोन्ही गाड्या छान पळतात. तुम्ही मागं चार-पाच माणसं बसवा आणि तुमच्या वावरापर्यंत पांदणीनं नेऊन आणा.