प्रोबायोटिक कॅप्सूल: गॅससाठी ठीक, पित्ताच्या खड्यांसाठी हिच्या भरवशावर राहू नका

जानेवारीत माझी स्लीव्ह सर्जरी (वजन कमी करायला जठर लहान करतात ती) झाली, ३ महिन्यांत २४ किलो उतरले. वजन असं धडाधड उतरलं की लिव्हर पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं, आणि आपण खातोच इतकं कमी की पित्ताची पिशवी नीट रिकामी होत नाही, मग खडे धरतात. सर्जननी हे आधीच सांगितलेलं आणि ६ महिने उर्सो (पित्तात खडे होऊ नयेत म्हणूनची गोळी) लिहून दिलेली, ३०० मिलिग्रॅमची सकाळ-संध्याकाळ.

आता ही कॅप्सूल कशी आली ते सांगते. दादरला स्टेशनजवळ मेडिकलमध्ये उर्सो मागितली तर काउंटरवरचा म्हणाला, ताई ती कशाला, महाग पडते, जुलाब होतात, ही घ्या नॅचरल, खडे होतच नाहीत. जुलाब मला खरंच होत होते, त्यामुळे पटलं. घरी येऊन बॉक्स चष्मा लावून उलटासुलटा वाचला, खड्यांचा ख सुद्धा नाही! ५ अब्ज सीएफयू (म्हणजे जिवंत जंतूंचा आकडा), लॅक्टोबॅसिलस वगैरे पोटाला चांगले जंतू, बस. तरी मी शहाणी ११ दिवस उर्सो बंद करून हीच घेत होते.

फॉलोअपला जाम ओरडा खाल्ला. डॉक्टर म्हणाले प्रोबायोटिकचे लहान ट्रायल झालेत, आशा आहे, पण उर्सोचा पुरावा भक्कम आहे. १९९५ ची अमेरिकेतली ट्रायल सांगितली, वजनासाठी जठराची बायपास सर्जरी झालेल्यांची: ६ महिन्यांत डमी गोळीवाल्यांत ३२ टक्क्यांना खडे, रोज ६०० मिलिग्रॅम उर्सोवाल्यांत फक्त २ टक्क्यांना. गुपचूप परत उर्सो सुरू. जुलाबाचं म्हटलं तर जेवणाबरोबर घ्या म्हणाले, आता बरंच कमी आहे.

डायटिशियन ताईंनी वर सांगितलं की तूप अगदी बंद करू नका, थोडं फॅट पोटात गेलं तरच पिशवी आकुंचन पावते. हे ऐकून आईचा चेहरा बघायला हवा होता, त्याच रात्री माझ्या वाटीभर मुगाच्या खिमटीवर चमचाभर तूप!

बाकी कॅप्सूल म्हणून वाईट नाही. गॅस आणि पोट फुगणं दुसऱ्या आठवड्यापासून कमी वाटलं, उर्सोबरोबर हीपण चालेल म्हणाले डॉक्टर. पण साइज केवढा, स्लीव्हवाल्यांना गिळताना छातीत अडकल्यासारखं होतं, मी उघडून पावडर गार ताकात घालते, चव पिठासारखी. फ्रिजमध्ये ठेवा असं छापलंय आणि दुकानात मे महिन्यात स्ट्रिप्स उघड्या काउंटरवर, त्यातले किती जंतू जिवंत असतील देव जाणे. १० कॅप्सूलला २२० म्हणजे स्वस्तही नाही.

५ पैकी २.५, तेही गॅससाठी. मेडिकलवाल्याला शून्य. पुढच्या गुरुवारी परळला सोनोग्राफी आहे, उपाशीपोटी, पिशवीत काय दिसतं ते इथेच टाकते.