कोटेशन झेड ७९० चं, आत बोर्ड बी ७६० : दोन ग्राफिक्स कार्डांच्या पीसीत झालेली फसवणूक

मदरबोर्डवर दोन लांब स्लॉट आहेत म्हणजे दोन ग्राफिक्स कार्डं जोरात चालणार, असं विकणारे सर्रास सांगतात. ते खरं असेलच असं नाही. आणि कोटेशनमध्ये लिहिलेला बोर्ड आणि कॅबिनेटमध्ये बसवलेला बोर्ड एकच असतो, हेही धरून चालू नका. माझ्या मशीनमध्ये या दोन्ही गोष्टी एकदम निघाल्या, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. बाहेरगावच्या दुकानातून पीसी जोडून मागवणार असाल तर पैसे पाठवायच्या आधी वाचा.

कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं छोटं ऑफिस आहे. मी आणि एक मैत्रीण, दोघी मिळून आर्किटेक्ट लोकांना थ्रीडी व्ह्यू आणि वॉकथ्रू करून देतो. काम ब्लेंडरमध्ये, रेंडर सायकल्सवर, म्हणजे ब्लेंडरच्याच रेंडर इंजिनवर. सायकल्सला एका मशीनमध्ये दोन कार्डं दिली तर ते दोन्ही वापरतं, वेळ जवळपास निम्म्यावर येतो. आमच्याकडे १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० आधीपासून होतं. तसंच दुसरं घ्यायचं, प्रोसेसर आय७ १३७००के, आणि तो ओव्हरक्लॉक करता येईल, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगानं चालवता येईल, असा बोर्ड, अशी मागणी ठरली होती. ओव्हरक्लॉकिंगची हौस म्हणून नव्हे. ब्लेंडरमधली बरीच कामं, म्हणजे मॉडिफायर वगैरे, एकाच कोअरवर अडकून बसतात, तिथे थोडा वाढीव वेग मिळाला तर हवा होता.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानाचं कोटेशन सगळ्यांत व्यवस्थित वाटलं. फोनवर बोलणारा माणूस मराठी, बोलायला गोड, प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार. पहिलीच थाप मात्र मला लगेच कळली होती. "मॅडम, दोन ३०६० ना एसएलआय ब्रिज टाकून देतो, मेमरी २४ जीबी होईल." ब्रिज म्हणजे दोन कार्डं एकमेकांना जोडणारी पट्टी, आणि आरटीएक्स ३०६० वर ती लावायची जागाच नाही. ३० मालिकेतल्या गेमिंग कार्डांत एनव्हीलिंक या नव्या ब्रिजची ती जागा फक्त ३०९० आणि ३०९० टीआयवर होती, ४० मालिकेत तर एनव्हिडियानं ती काढूनच टाकली. मेमरीचीही बेरीज होत नाही. ब्रिज नसताना प्रत्येक कार्डाला अख्खा सीन स्वतःच्या १२ जीबीत बसवावा लागतो. मी हे सांगितल्यावर तो हसून म्हणाला, "तुम्हाला तर सगळं माहितेय." आणि विषय बदलला. अजूनही कुणी एसएलआय-रेडी म्हणून जास्त पैसे मागत असेल तर सरळ पुढच्या दुकानात जा.

आता मुद्द्याचं. १२ व्या, १३ व्या, १४ व्या पिढीच्या इंटेल डेस्कटॉप प्रोसेसरमधून ग्राफिक्ससाठी १६ लेन, म्हणजे माहिती जाण्या-येण्याच्या वाटा, निघतात. एक कार्ड असेल तर सगळ्या १६ त्याला. दोन कार्डं असतील तर त्यांची आठ-आठ अशी वाटणी करता येते, पण ती परवानगी इंटेलनं झेड ६९० आणि झेड ७९० या चिपसेटना (बोर्डवरच्या मुख्य नियंत्रक चिपना) दिलीय. बी ६६० आणि बी ७६० ना नाही. बी बोर्डवर जो दुसरा लांब स्लॉट दिसतो तो प्रोसेसरला जोडलेलाच नसतो, चिपसेटमधून येतो आणि त्यात बहुतेक वेळा चारच लेन असतात. वर त्या चिपसेटचा आणि प्रोसेसरचा आपसातला रस्ताही चारच लेनचा, आणि त्याच रस्त्यानं दुसरी एसएसडी, लॅन, यूएसबी, सगळं जातं. नावात के असलेल्या प्रोसेसरचा गुणक, म्हणजे त्याचा वेग ठरवणारा आकडा, वाढवायची मुभा तर फक्त झेडवर. म्हणजे झेडच्या जागी बी आला की दोन्ही गोष्टी एकदम गेल्या.

इथे एक मेख आहे. झेड लिहिलंय म्हणून आठ-आठ मिळेलच असं नाही. वाटणी करायला बोर्डवर वेगळे स्विच बसवावे लागतात, ते महाग असतात, म्हणून स्वस्त झेड ७९० बोर्डांवरही दुसरा स्लॉट चार लेनचाच असतो. उदाहरणार्थ आसुसच्या प्रोआर्ट झेड ७९० क्रिएटरवर पहिले दोन लांब स्लॉट आठ-आठ होतात, पण त्याच कंपनीच्या टफ झेड ७९० प्लसवर दुसरा लांब स्लॉट चारचाच आहे. दोन्ही चांगले बोर्ड आहेत, काम वेगळं. कंपनीच्या साइटवर स्पेसिफिकेशनच्या पानावर 'एक्स्पान्शन स्लॉट' नावाचा भाग असतो, त्यात बारीक अक्षरांत 'सपोर्ट्स एक्स ४ मोड' असं लिहिलेलं असतं. हे एक वाक्य वाचायला दोन मिनिटं लागतात. एएमडीकडे हिशेब थोडा वेगळा: तिथे बी ६५० वरही ओव्हरक्लॉकिंग चालतं, ए ६२० वर चालत नाही. पण दुसऱ्या स्लॉटचं दुखणं तिथेही तेच, बोर्ड-बोर्ड बघावा लागतो.

मी हे सगळं वाचून आठ-आठचा बोर्ड नावानिशी निवडला होता. कोटेशनमध्ये पूर्ण नाव होतं, किंमत ३८,५०० रुपये. पैसे गेल्यावर बिल आलं त्यात मात्र नुसतं 'मदरबोर्ड, १ नग'. सीरियल नंबर नाही. विचारलं तर म्हणे, सॉफ्टवेअरमध्ये तसंच येतं. बॉक्सचं विचारलं तर, "कॅबिनेटच्या पार्सलमध्ये बॉक्स मावत नाहीत, आणि वॉरंटी आमच्याकडूनच होणार, तुम्हाला बॉक्सचं काय काम?" व्हॉट्सॲपवर फोटो आला: जोडलेलं मशीन, शेजारी झेड ७९० चा सीलबंद खोका. खोका सीलबंद आणि बोर्ड मशीनमध्ये, हे एकाच फोटोत कसं, असं माझी मैत्रीण म्हणाली होती. त्याचं उत्तर आलं, "तो दुसऱ्या गिऱ्हाईकाचा, तुम्हाला मॉडेल दिसावं म्हणून ठेवला."

मशीन आलं, चाललं. सोबत निरोप, ओव्हरक्लॉकिंग चालू करून दिलंय. बायोसमध्ये बघितलं तर फक्त रॅमचं एक्सएमपी (रॅम वाढीव वेगानं चालवायची तयार सेटिंग) चालू केलं होतं, रॅम ६००० वर. ही खास चलाखी आहे, कारण रॅमचा वेग वाढवणं बी ७६० वरही चालतं. गिऱ्हाईकाला आकडा वाढलेला दिसतो आणि तो खूश. प्रोसेसरच्या कोअर रेशोच्या, म्हणजे गुणकाच्या, रकान्यात मी मूळ टर्बोपेक्षा (कंपनीनं ठरवलेल्या कमाल वेगापेक्षा) एक आकडा वर टाकला, एंटर दाबलं, आकडा परत खाली. पुन्हा टाकला, पुन्हा खाली.

मग जुनं कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये लावलं. जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात 'बस इंटरफेस' अशी ओळ असते. पहिलं कार्ड सोळावर. आठवर यायला हवं होतं. दुसरं चारवर. (ही ओळ बघताना शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून कार्डावर थोडा लोड द्या, कारण रिकामं बसलेलं कार्ड वीज वाचवायला लेनचा वेग (जनरेशन) खाली आणतं आणि आपण उगाच घाबरतो. लेनचा आकडा मात्र सहसा तसाच राहतो.) कार्डांची अदलाबदल केली, तेच. शेवटी स्टार्टमध्ये एमएसइन्फो३२ टाइप केलं, विंडोजमध्येच असतं हे, काही उतरवून घ्यावं लागत नाही. 'बेसबोर्ड प्रॉडक्ट'समोर बी ७६० असं स्वच्छ लिहिलं होतं. त्याच कंपनीचा, त्याच मालिकेतला, हीटसिंकचा रंगसुद्धा तोच. बाजारात त्याची किंमत तेव्हा सोळा हजारांच्या आसपास होती.

डोळ्यांनीही कळतं बरं का. कार्ड काढून मोबाइलचा टॉर्च तिरका धरून स्लॉटच्या आत बघा. पहिल्या स्लॉटमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत धातूच्या बारीक पट्ट्यांची रांग असते. आमच्या दुसऱ्या स्लॉटमध्ये खाचेच्या पुढे थोड्या पट्ट्या आणि नंतर नुसतं काळं प्लास्टिक, रिकामं. बाहेरून चौपदरी, आत पायवाट.

फोन केला. आधी, "मॅडम, बी आणि झेड सेम असतं, कंपनी फक्त नाव बदलते." मग, "रेंडरला लेननं काही फरक पडत नाही, तुम्ही टाइम लावून बघा." याच्या दुसऱ्या वाक्यात तथ्य आहे, ते मी लपवणार नाही. सायकल्समध्ये सीन एकदा कार्डाच्या मेमरीत गेला की चार लेन आणि आठ लेन यांत फार अंतर पडत नाही. भारी टेक्श्चर दर फ्रेमला नव्यानं चढत असतील तेव्हा ते जाणवतं. पण मग मला आठ-आठचा बोर्ड नकोच होता असं म्हणून त्यानं सोळा हजारांचा बोर्ड सोळा हजारांतच द्यायला हवा होता. दुसरं, गुणकाच्या कुलपावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. के प्रोसेसरचे जास्तीचे पैसे त्यानं घेतले होते, त्या बोर्डवर तो के असून नसल्यासारखा.

मुद्दा टिकेना तसा सूर बदलला. "बोर्ड तुम्हीच बदलला नसेल कशावरून?" बिलावर सीरियल नंबर का नव्हता ते तेव्हा नीट कळलं. तो नसला की कुणी कुणाला काय दिलं हे सिद्ध करायला कागदच उरत नाही.

आम्हाला वाचवलं ते त्याच्याच व्हिडिओनं. पाठवण्याआधी टेस्टिंग म्हणून त्यानं मशीन सुरू होतानाचा छोटा व्हिडिओ टाकला होता. मैत्रिणीनं तो हळू करून एकेक फ्रेम थांबवत बघितला. बायोसचा पडदा पुरता एक सेकंदही नव्हता, कॅमेरा हलत होता, पण वरच्या डाव्या कोपऱ्यात बोर्डाचं नाव आलं होतं: बी ७६०. मशीन त्याच्या दुकानात, त्याच्या टेबलावर, मागे त्याचाच आवाज. तो स्क्रीनशॉट आणि कोटेशन शेजारी शेजारी ठेवून ईमेल केला, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवली.

त्यावर त्याच्या वकिलाकडून की कुठून तरी आलेलं उत्तर असं, की तुम्ही धंद्यासाठी मशीन घेतलं, त्यामुळे तुम्ही ग्राहकच नाही. असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूची खरेदी वगळलेली आहे खरी, पण स्वयंरोजगारातून स्वतःचं पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्यात मोडत नाही, असं स्पष्टीकरण त्याच व्याख्येखाली दिलंय. तक्रार करायला मुंबईला जावंही लागत नाही. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे ती करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. मी हे तीन ओळींत त्याला कळवलं. दुसऱ्या दिवशी फोनवरचा गोडवा परत आला आणि बोर्ड बदलून द्यायचं ठरलं.

आलेला बोर्ड या वेळी खरंच झेड ७९० होता, नाव बरोबर, खोकाही होता. पण खोक्यावरचा सीरियल नंबर आणि बोर्डवरच्या स्टिकरवरचा नंबर जुळेनात. बोर्डवरचा नंबर कंपनीच्या वॉरंटीच्या पानावर टाकला तर वॉरंटी बरीच आधी सुरू झालेली निघाली, म्हणजे तो आधी कुणाला तरी विकला जाऊन परत आलेला. सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण काढून भिंगातून बघितलं तर एका कोपऱ्यातल्या दोन पिना किंचित वाकलेल्या. मी तो लावलाच नाही. लावला असता तर पिना तुम्ही वाकवल्या, हे पुढचं वाक्य तयारच होतं.

एक वेगळी गोष्ट जाता जाता, कारण कमी बजेटवाल्यांची गाठ हिच्याशीच पडते. दोन लांब स्लॉट, झिऑन प्रोसेसर, ओव्हरक्लॉकिंगचा एक्स ९९ बोर्ड, सगळं मिळून एका साध्या फोनच्या किमतीत, अशा जाहिराती येतात. इंटेलचा एक्स ९९ हा २०१४ चा चिपसेट. आता नवे म्हणून विकले जाणारे बरेचसे एक्स ९९ बोर्ड जुन्या बोर्डांवरून काढलेल्या बी ८५, एच ८१ सारख्या चिप बसवून केलेले असतात, नाव तेवढं एक्स ९९. आणि त्यासोबत जे ई५-२६७८ व्ही३ किंवा ई५-२६८० व्ही४ हे झिऑन देतात त्यांचा गुणक कुलूपबंद आहे. लेन भरपूर असतात, रेंडरला ते चालतातही, स्वस्तात मिळतं म्हणून डोळे उघडे ठेवून घेतलं तर माझी हरकत नाही. पण त्यावर ओव्हरक्लॉकिंग होतं असं सांगणारा खोटं बोलतोय.

नंतर बोर्ड पुण्याच्या एका दुकानात स्वतः जाऊन घेतला. काउंटरवरच खोका उघडायला लावला, दोन्ही नंबर जुळवले, बिलावर पूर्ण मॉडेल आणि सीरियल लिहून घेतला. त्या माणसानं कुरकुर केली नाही. जीपीयू-झेडमध्ये आता दोन्ही कार्डं आठ-आठवर आहेत. खालचं कार्ड मात्र पॉवर सप्लायच्या झाकणाला इतकं टेकलंय की त्याच्या पंख्याला हवा कमी मिळते, त्यामुळे कॅबिनेट घेताना स्लॉटमधलं अंतरही मोजा.

मुंबईच्या दुकानदारानं बोर्डाचे पैसे परत केले, पण 'टेस्टिंग आणि हँडलिंग' म्हणून ३,५०० रुपये कापून. त्या रकमेसाठी कोल्हापूरच्या जिल्हा आयोगाकडे तक्रार केलीय, तारीख अजून लागायची आहे.