पारोळा रोडवरचं वॉशिंग सेंटर: जा, पण बुधवार सोडून

माझी नोकरी फिरतीची. साक्री, शिरपूर, दोंडाईचा करत बियाण्यांच्या ऑर्डरी गोळा करायच्या. शनिवारपर्यंत गाडीच्या पोटाला पायलीभर काळी माती चिकटलेली असते. राहतो धुळ्याच्या देवपुरात, पण गाडी धुवायला पांझरा नदी ओलांडून पारोळा रोडला जातो. कारचे साडेतीनशे घेतात. घराजवळ तीनशेत होतं.

जास्तीचे पन्नास मी तिथल्या पाण्यावरच्या पोरासाठी मोजतो. पूर्वी तिथलं काळं पाणी सरळ रस्त्याकडेच्या गटारीत जायचं. या पठ्ठ्याने मागच्या बाजूला तीन जुने ड्रम ओळीने मांडले. पहिल्यात माती खाली बसते. दुसऱ्यात तेल वर तरंगतं, म्हणून तिथल्या पाईपाला एल्बो (काटकोनी जोड) लावून तोंड आतून खाली वळवलंय. पाणी तळाकडून निघतं, तेल वरच अडकतं. ते डब्याने काढून कॅनमध्ये भरायचं, जुनं ऑईल नेणारा येऊन घेऊन जातो. तिसऱ्यातलं पाणी परत प्रेशर पंपाला. हे फक्त चाकांवर आणि खालच्या चिखलावर मारतात. फोमनंतरचा हात ताज्या पाण्याचा.

कुठे शिकलास, विचारलं. पोरगा साक्रीकडचा, पांझराकाठच्या फडाच्या गावाचा. फड म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावर पाळीने, एकत्र भिजणारा शेतांचा पट्टा. आजोबा पाटकरी. म्हणजे बंधाऱ्याचं पाणी कोणत्या फडाला कधी सोडायचं, हे बघणारा माणूस. फडातून उरलेलं पाणी पुन्हा नदीत सोडायचं, हा तिथला जुना रिवाज. तो म्हणाला, "खालच्या बंधाऱ्याले बी पानी लागस ना भाऊ!" मी बी.एस्सी. ॲग्री, फड पद्धत परीक्षेत पाच मार्कांना लिहिली होती. ती गाडी धुण्यात अशी भेटेल असं वाटलं नव्हतं.

मालक आधी "नसती भानगड नको" म्हणत होते. रोज लागणारा टँकर एक दिवसाआड पुरायला लागला, तेव्हा भानगड आवडली. आता ड्रमच्या जागी विटांच्या पक्क्या टाक्या आहेत. गेटवर 'पाणी वाचवा' असा फ्लेक्सही लागलाय. त्यावर फोटो मालकांचा. पगार वाढला का विचारलं, तर पोरगा नुसता हसला आणि काच पुसायला लागला.

धुलाई चोख. सीटखालचे शेंगांचे फोलपाटेही काढतात. पण बोअरचं पाणी क्षाराचं, काच लगेच पुसून घ्या, नाहीतर पांढरे ठिपके राहतात. बसायला एकच प्लास्टिकची खुर्ची, तीही उन्हात. मे महिन्यात धुळ्यात याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

आणि बुधवारी त्या पोराची सुट्टी असते. एकदा चुकून गेलो होतो. दुसऱ्या टाकीवरचं तेल कोणी काढलंच नव्हतं. शिरपूरपर्यंत गाडीला गॅरेजचा वास येत होता.