गॅस्ट्रिक बायपासनंतर वर्ष होत आलं, वजन सोडून बाकीचं लिहितेय

माझी वजन कमी करायची रू-एन-वाय बायपास सर्जरी झालीये, दुर्बिणीतून. जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलीचा पाऊच वेगळा करतात आणि लहान आतडं कापून त्याचं खालचं टोक थेट त्या पाऊचला जोडतात, वरचं टोक पुढे आतड्यालाच जोडतात, उरलेलं जठर आतच राहतं पण अन्न तिकडे जात नाही. स्लीव्ह ही वजनाचीच दुसरी सर्जरी, त्यात जठराचा जवळजवळ ८० टक्के भाग कापून काढूनच टाकतात. मला आधीपासून ॲसिडिटी खूप, आणि स्लीव्हनंतर रिफ्लक्स (ॲसिड घशाकडे वर येणं) वाढू शकतो म्हणून सर्जन बायपासच म्हणाले. मिनी बायपासमध्ये दोनऐवजी एकच जोड, वेळही कमी लागतो, पण काहींना पित्त वर येतं.

वजन उतरतंच हो. पहिल्या वर्ष-दीड वर्षात सरासरी एकूण वजनाच्या २५ ते ३० टक्के जातं, माझंही तसंच चाललंय. मला जास्त नवल शुगरचं वाटलं, काट्यावर फरक दिसायच्या आधीच, हॉस्पिटलमध्ये असतानाच इन्सुलिन कमी करावं लागलं! अन्न लवकर खालच्या आतड्यात पोचतं, जीएलपी-१ हे इन्सुलिन वाढवणारं आतड्यातलं हार्मोन वाढतं, त्याचा हा परिणाम. पण याला रेमिशन म्हणतात, म्हणजे आजार दबलाय, कायमचा गेला असं नाही, काही जणांची शुगर काही वर्षांनी परत वाढते, तेव्हा तपासणी सोडायची नाही.

आता त्रासाचं. डंपिंग, म्हणजे गोड पटकन आतड्यात उतरल्यावर होणारा त्रास, काय असतो ते ज्यूसचे चार घोट घेतल्यावर कळलं, दहा मिनिटांत छाती धडधडायला लागली, मानेवर घाम, पोटात कळ, डोळ्यांपुढे अंधारी, शेवटी आडवी झाले. तिसऱ्या महिन्यापासून केस गळायला लागले, कंगव्यात गुंतवळंच्या गुंतवळं, नंतर थांबलं. वजन झपाट्याने उतरताना पित्ताचे खडे होऊ नयेत म्हणून सहा महिने गोळी होती.

व्हिटॅमिन बी१२, लोह, कॅल्शियम सायट्रेट, व्हिटॅमिन डी ह्या गोळ्या जन्मभर, आणि लोह नि कॅल्शियम एकत्र नाही घ्यायचं, मध्ये दोन तास तरी हवेत. वजन छान उतरलं की लोक ह्याच गोळ्या सोडतात, मला त्याचीच काळजी वाटते, कारण कमतरता काट्यावर दिसत नाही, हातापायाला मुंग्या आल्या की मग धावाधाव. उलट्या थांबत नसतील तर घरी बसू नका, शरीरातलं व्हिटॅमिन बी१ संपलं तर मेंदूवर परिणाम होतो.

पहिल्या महिन्यात मृत्यूचा धोका मोठ्या अभ्यासांमध्ये हजारात तीनच्या आसपास किंवा त्याहूनही कमी आलाय, पण जोड लीक होणं, रक्तस्राव, पायातली गुठळी फुफ्फुसात जाणं हे होऊ शकतं. घरी आल्यावर नाडी सारखी जोरात, ताप, दम लागतोय असं काही झालं तर सकाळची वाट बघू नका.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा दुखण्यावरच्या गोळ्या बंद, सिगारेट तर अजिबात नको, जोडाजवळ अल्सर होतो. आणि वजन उतरल्यावर, अगदी काही वर्षांनीही, पोटात अचानक जोरात दुखलं तर आतडं जोडताना आत राहिलेल्या फटीत ते अडकलेलं असू शकतं, इंटर्नल हर्निया. सीटी स्कॅन नॉर्मल आला तरी ते असू शकतं, म्हणून कुठल्याही कॅज्युअल्टीत गेलात तरी पहिलं वाक्य बायपास झालीये हे असू द्या. आणि ज्यांची अजून व्हायचीये त्यांनी त्या फटी टाके घालून बंद करणार का हे सर्जनना आत्ताच विचारून घ्या.