किवावर सोळा महिने: बरणीमागे एक डॉलर

न्यू जर्सीत, एडिसनला माझा मसाल्यांचा छोटा धंदा आहे. गोडा मसाला, मेतकूट, लसणीची चटणी, दिवाळीत फराळ. सोळा महिन्यांपूर्वी ठरवलं, गोडा मसाल्याच्या दर बरणीमागे एक डॉलर बाजूला काढायचा आणि २५ जमले की किवा या वेबसाइटवरून कुणा लहान धंदेवाल्याला कर्जाऊ द्यायचे. आजपर्यंत खिशातले ६०० डॉलर गेले. परत आलेले पुन्हा फिरवून एकूण ४१ कर्जं झाली, म्हणजे १,०२५ डॉलर.

किवा ही सॅन फ्रान्सिस्कोची ना-नफा संस्था, २००५ सालची. युगांडातल्या टोरोरोच्या सात जणांना मिळून ३,५०० डॉलर, तिथून त्यांची सुरुवात. आपण कमीत कमी २५ डॉलर द्यायचे, आपल्याला व्याज शून्य, हप्ते येतील तसे पैसे खात्यात जमा. वापरायला अगदी सोपं. पैसे भरताना किवासाठी देणगीचा आकडा सुचवलेला असतो, तो ऐच्छिक आहे. घाईत असाल तर तेवढं एकदा बघून घ्या.

माझं पहिलं कर्ज फिलिपीन्समधल्या एका बाईंच्या सारी-सारी दुकानाला. सारी-सारी म्हणजे घराच्या खिडकीतून चालणारं किराणा दुकान. फोटोत शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लोंबत होत्या आणि मागे भिंतीला कॅलेंडर. आमच्या साताऱ्याकडच्या टपरीचाच फोटो म्हणून खपला असता. दर महिन्याला २ डॉलर ८ सेंट आल्याची ईमेल यायची आणि मी उगाच खूश व्हायचे.

मग गेल्या दिवाळीत फराळ पोचवायला गेले तेव्हा एका काकांनी बरणी फिरवून लेबल वाचलं. 'या बरणीतला एक डॉलर एका उद्योजिकेला बिनव्याजी कर्ज म्हणून जातो.' काका निवृत्त बँकवाले. चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, "अगं, बिनव्याजी तुला की तिला?"

मला उत्तर देता येईना. घरी येऊन नीट वाचायला बसले. माहिती लपवलेली नव्हती, मीच फोटोवर भाळून खाली गेले नव्हते. बहुतेक कर्जांत मधे एक स्थानिक वित्तसंस्था असते आणि ती त्या बाईकडून व्याज घेते. मी पाहिलेल्या पानांवर हा खर्च कुठे वर्षाला तीस टक्क्यांच्या घरात होता, कुठे चाळिशीच्या वर. पहिल्यांदा चीडच आली. पण ३०० डॉलरच्या कर्जालाही माणूस गाडी काढून गावात जातो, हप्ते गोळा करतो, वही लिहितो. ३० हजारांच्या कर्जालाही काम तेवढंच, म्हणून लहान कर्ज महाग पडतं. हे पटतं. चाळीसच्या वरचं मात्र मला अजून पटत नाही, तिथे मी देत नाही.

दुसरी गोष्ट याहून टोचली. बऱ्याचदा त्या बाईला कर्ज आधीच मिळालेलं असतं, आपले पैसे नंतर त्या संस्थेकडे जातात. म्हणजे मी दिले नसते म्हणून तिचं दुकान अडलं नसतं. माझ्या पैशांतून संस्थेला पुढची कर्जं देता येतात. थोडक्यात, मी कर्ज संस्थेला देते. तेव्हापासून फोटो शेवटी बघते. आधी संस्थेचा खर्चाचा आकडा, थकबाकी आणि जोखमीचे तारे, म्हणजे ती संस्था किती भरवशाची याचे किवाने दिलेले गुण.

तरी एकदा फसलेच. आफ्रिकेतल्या एका संस्थेचे पाच हप्ते आले, १० डॉलर ४२ सेंट, आणि मग सगळं थंड. बाईने फेडलं नाही की संस्थेने पाठवलं नाही, मला कधी कळलं नाही. उरलेल्या १४ डॉलर ५८ सेंटवर पाणी. दुसरीकडे तिथलं चलन घसरल्यामुळे आणखी डॉलर-सव्वा डॉलर गेला. काही संस्थांच्या बाबतीत दहा टक्क्यांपलीकडची घसरण कर्ज देणाऱ्याच्या अंगावर पडते.

धंदेवाल्यांसाठी एक सूचना: कर्जाऊ दिलेली रक्कम देणगी नाही, करात सूट नाही. किवाला वेगळी देणगी दिलीत तर तिची गोष्ट निराळी. आमच्या सीपीएने (इथला सीए) आधी हेच विचारलं.

याने कुणाची गरिबी हटते का? हैदराबादच्या १०४ वस्त्यांत अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी अशा लहान कर्जांवर केलेला अभ्यास २०१५ साली छापून आला. (बॅनर्जींची आई मराठी, माहेरच्या पाटणकर, हे आमच्या मंडळात कुणीतरी सांगतंच.) आधीपासून धंदा असलेल्यांपैकी काहींचा तो वाढला. पण घरखर्च, मुलांचं शिक्षण, बाईचा घरातला शब्द, यांत फारसा फरक दिसला नाही. म्हणून मी आता चार-पाच वर्षं दुकान चालवणाऱ्यांनाच निवडते.

सासूबाईंना हे फोनवर सांगितलं. त्यांचा बचत गट आहे, दर महिन्याला शंभर रुपये. म्हणाल्या, "आमच्यात कोण बुडवणार ते आधीच ठाऊक असतं. तुला कसं कळतं गं?" तारे बघून, म्हटलं. त्या हसल्या.

किवा मी बंद केलेलं नाही, या महिन्यात दोन कर्जं दिली. लेबल बदललं: 'या बरणीतला एक डॉलर लहान उद्योजकांना कर्ज देणाऱ्या संस्थांकडे जातो.' जुनी दोनशे लेबलं शिल्लक होती, त्यांवर 'बिनव्याजी' शब्दावर पट्टी चिकटवत बसले होते परवा. काकांनी नवीन बरणी घेतली, वाचली, आणि विचारलं, "बरं, पण किती टक्क्यांनी?"